बर्फात पडलो, त्याची गोष्ट

दोस्तांनो, गेल्या रविवारी ताईकडे जेवायला गेलो होतो. दारातच भाचीनं बातमी दिली, "मामा, आम्ही कॉलेजचे बारा जण जानेवारीत मनालीला चाललोय. तिथून सोलांगला. स्कीइंग शिकायला!"

तिचा धाकटा भाऊ आठवीत आहे. पोळीचा घास तोंडात ठेवूनच तो म्हणाला, "शिकायला कसलं, मामा! तिथे सगळ्यांच्या जोड्या जुळणार आहेत. कोणाची कोणाशी, त्याची यादीसुद्धा तयार आहे. मी वाचलीय!"

पुढे काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. घरात भाऊ-बहीण असतील त्यांना कळलंच असेल. दोन उशा आणि एक चप्पल हवेतून गेली.

ताई वरणाचं भांडं घेऊन मध्ये उभी राहिली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "आता तूच सांग बाबा. पाठवू की नको? तूसुद्धा गेला होतास ना एकदा असाच?"

गेलो होतो खरा. ताईला त्यातलं अर्धंच माहीत होतं. उरलेलं अर्धं मी त्या दिवशी जेवताना पहिल्यांदा सांगितलं. तेच आज तुम्हालाही सांगतो.

ही गोष्ट फेब्रुवारी १९९७ ची. मी पुण्यात कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो. आम्ही अकरा जण, सात मुलगे आणि चार मुली, औलीला सात दिवसांच्या स्कीइंग-वर्गाला निघालो. बरोबर आमचे एक सर आणि त्यांच्या पत्नी होत्या. त्याशिवाय मुलींच्या घरून परवानगी मिळणंच शक्य नव्हतं.

आता खरं सांगतो. स्कीइंग म्हणजे काय, हे आम्हा सात मुलांपैकी कोणालाही धड ठाऊक नव्हतं. पण बर्फ म्हणजे काय, हे सगळ्यांना पाठ होतं! १९८९ चा 'चांदनी' पाहिलेला, १९९५ चा 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' तर तीन-तीनदा. बर्फ म्हणजे स्वित्झर्लंड, बर्फ म्हणजे गाणं. नायिका पुढे पळते, नायक मागे पळतो, ती आधी रागावते आणि मग हसते. आम्हाला वाटायचं, बर्फावर पाय ठेवला की हे आपोआप सुरू होत असणार.

आणि माझ्या मनात एक मुलगी होती. आमच्याच ग्रुपमधली. तिचं नाव सांगणार नाही, कारण ती हे वाचणार आहे. चौदा फेब्रुवारीचं तेव्हा कॉलेजात नवीनच फॅड आलं होतं. मी पंचवीस रुपयांचं एक शुभेच्छापत्र घेतलं, आत चार ओळी खरडल्या आणि बॅगेत मेथीच्या लाडवांच्या डब्याखाली लपवून ठेवलं. बेत ठरला. चौदा तारखेला बर्फाच्या उतारावर झोकात तिच्यासमोर जाऊन थांबायचं आणि कार्ड द्यायचं!

झेलम एक्स्प्रेसनं दिल्ली, दिल्लीहून रात्रीच्या बसनं ऋषीकेश आणि तिथून पहाटेच्या बसनं जोशीमठ. हा शेवटचा पल्ला अडीचशे किलोमीटरचा, पण सगळा दिवस गेला. रस्ता अलकनंदेच्या काठानं वळणं घेत वर चढतो. देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग अशी भूगोलाच्या पुस्तकातली नावं एकेक करून खिडकीशी येत होती. पण माझं लक्ष कुठे होतं? तिनं माझ्यापुढे चिवड्याची पिशवी धरली, तर मित्र कोपरानं ढोसून म्हणाला, "बघ, तुलाच आधी दिला!" खरं तर मी पिशवीच्या सगळ्यात जवळ बसलो होतो. पुढच्या वळणावर ती माझ्याकडे बघून हसली. झालं! रात्री आरशात पाहिलं तेव्हा कळलं, माझी माकडटोपी उलटी होती.

जोशीमठ साधारण १९०० मीटर उंचीवर आहे. तिथून रोपवेच्या डब्यात बसून चार किलोमीटर हवेतून औलीला गेलो. खाली देवदारांची झाडं, वर तीन हजार मीटरपर्यंत पसरलेले पांढरे उतार आणि समोर ७८१६ मीटरची नंदादेवी. (जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचली, घरांना तडे गेले आणि हा रोपवे थांबवावा लागला. ती बातमी वाचताना मला त्या गावातली गरम चहा देणारी माणसं आठवत राहिली.) त्या दिवशी मात्र डब्यात कोणी बोलेना. एवढा मोठा डोंगर पहिल्यांदा बघताना बोलायला सुचतच नाही.

दुसऱ्या दिवशी गाणं संपलं आणि वर्ग सुरू झाला!

'स्की' हा शब्द नॉर्वेकडचा. मूळ अर्थ लाकडाची फाडलेली फळी. आमच्या फळ्या लाकडाच्या नव्हत्या, पण त्या दोन लांब पट्ट्या पायाला बांधल्या की माणसाचं बदक होतं, एवढं खरं. बूट असे कडक की घोटा हलत नाही. नाक सारखं गळतंय, ओठ फुटलेत. बर्फावरून ऊन उलटं वर येतं, त्यामुळे हनुवटीखालची कातडीसुद्धा भाजलेली. चार थर कपड्यांत मुलगे कोण आणि मुली कोण तेही ओळखू येईना. नायिकेची शिफॉनची साडी कुठे आणि आम्ही कुठे!

आमच्या शिक्षकांना सगळे उस्तादजी म्हणत. गढवाली माणूस. ठेंगणे, शांत. त्यांनी पहिला पूर्ण तास आम्हाला काय शिकवलं असेल? पडायला! "पहले गिरना सीखो," ते म्हणाले. तोल गेला की पुढे पडायचं नाही, मागेही पडायचं नाही. एका कुशीवर, डोंगराच्या बाजूला पडायचं. उठताना दोन्ही स्की उताराला आडव्या ठेवायच्या, नाहीतर उठता उठताच माणूस निघाला खाली! आम्ही तासभर मुद्दाम पडत होतो आणि उठत होतो.

मग थांबायला शिकवलं. स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब, इंग्रजी 'ए' अक्षरासारखी. पाय जेवढे फाकवाल आणि आतल्या कडांवर जेवढा भार द्याल, तेवढा वेग कमी. डावीकडे वळायचं तर उजव्या पायावर भार. सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे पुढे झुकणं. उतार दिसला की भीतीनं माणूस मागे रेलतो. मागे रेललं की स्कीच्या पुढच्या भागावरचा भार जातो आणि मग त्या कोणाचं ऐकत नाहीत. म्हणजे भीती वाटेल तेव्हाच दरीकडे झुकायचं. डोक्याला पटतं, पण गुडघ्यांना पटायला चार दिवस लागतात.

तिला मात्र दोनच दिवस लागले. ती न बोलता एकेक गोष्ट घोटत होती. आम्ही मुलं उतारावर आरडाओरडा करायचो, तेव्हा ती बाजूला आडव्या पावलांनी चढून पुन्हा पुन्हा तेच वळण घ्यायची. पाचव्या दिवशी उस्तादजी तिला म्हणाले, "बेटी, तू ए ग्रेड लेकर जाएगी." मला तिचा अभिमान वाटला. जणू काही मीच शिकवलं होतं!

चौदा फेब्रुवारी, शुक्रवार. कार्ड जॅकेटच्या आतल्या खिशात. वरच्या उतारावरून एकेक जण सोडत होते. ती माझ्या आधी निघाली. नागमोडी, सावकाश, सुंदर वळणं घेत. उस्तादजींनी मला हातानं थांबवलं होतं. अंतर पडू दे, असं सांगितलं होतं. पण मागून मित्र ओरडला, "जा रे! हीच वेळ आहे!"

आणि मी निघालो.

वळणं नाहीत, 'ए' नाही. दोन्ही स्की सरळ खाली. तिला गाठायचं, तिच्या शेजारी जाऊन बर्फ उडवत थांबायचं, एवढंच डोक्यात होतं. दहा सेकंदांत कानात वारा शिरला. मी घाबरलो आणि मागे रेललो. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. स्कीनं माझं ऐकायचं सोडलं. ती वळत वळत नेमकी माझ्या वाटेत येत होती. तिला काय माहीत, मागून कोण येतंय! मी "बाजू! बाजू!" असं ओरडलो तेव्हा फार उशीर झाला होता.

मी तिच्यावर आदळलो. दोघंही गडगडत गेलो. माझ्या स्की सुटून लांब गेल्या. तिची एक सुटली, दुसरी सुटली नाही आणि त्या पायाचा गुडघा पिरगळला. ती ओरडली नाही. बर्फात मूठ घट्ट धरून पडून राहिली. मी तिच्या शेजारी बसून "सॉरी, सॉरी" म्हणत होतो. तिनं एकदाच माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. तिला काय झालं तेच तिला कळलं नव्हतं.

घसरगाडीवरून तिला खाली आणलं, मग रोपवेनं जोशीमठला. हाड मोडलं नव्हतं, पण लिगामेंट दुखावलं होतं. तीन आठवडे पाय प्लास्टरच्या पट्टीत. दुसऱ्याच दिवशी शेवटची परीक्षा होती. ती अर्थातच तिला देता येणार नव्हती.

संध्याकाळी उस्तादजींनी मला बोलावलं. मला वाटलं, आता दोन थोबाडीत बसणार. ते फक्त विचारत गेले.

"आगे कौन था?"

"ती."

"पीछे कौन था?"

"मी."

"आगेवाले की आँख किधर होती है?"

"पुढे."

"तो पीछे कौन देखेगा?"

मी गप्प बसलो. ते म्हणाले, उतारावर पुढच्याला मागचं दिसत नाही. म्हणून सगळी जबाबदारी मागच्याची. वाट त्यानं बदलायची, वेग त्यानं आवरायचा, पुढच्यानं नाही. हा काही त्यांनी स्वतः काढलेला नियम नव्हता. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या दहा नियमांत तो तिसरा आहे, हे मी पुढे वाचलं. जगात कुठल्याही बर्फावर तो लागू असतो.

रात्री आमच्या मॅडमनी मला जिन्यात गाठलं. त्यांनी जे सांगितलं, ते ऐकून मी मटकन खालीच बसलो. या वर्गाच्या फीसाठी त्या मुलीनं दोन वर्षं सातवीच्या मुलांच्या शिकवण्या घेतल्या होत्या. तिचे वडील एसटीत ड्रायव्हर. ते मुलीला पाठवायला तयार नव्हते. शेवटी "काही झालं तर पुन्हा कुठे जाणार नाही," असं कबूल करून ती आली होती. सहा दिवस मी तिच्या मागे मागे होतो. तिच्या टोपीचा रंग, हसणं, चालणं सगळं मला पाठ होतं. आणि यातलं काहीही मला ठाऊक नव्हतं. कारण मी तिला एकही प्रश्न विचारला नव्हता!

कार्ड खिशात भिजून लगदा झालं होतं. जेवणघरातल्या शेकोटीत ते टाकून दिलं.

सकाळी मी तिला म्हटलं, "मीही परीक्षा देणार नाही."

ती म्हणाली, "दे जा. तू परीक्षा न दिल्यानं माझा गुडघा बरा होणार आहे का?"

परीक्षा दिली. कसाबसा पास झालो. परतीच्या गाडीत मात्र मी धीर करून तिला सगळं सांगितलं, कार्डाचंसुद्धा. ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "सरळ विचारायचं होतंस ना. मी 'नाही' म्हटलं असतं आणि माझा गुडघा वाचला असता."

हसावं की रडावं ते मला कळेना. आजही कळत नाही.

पुण्यात आल्यावर मला वाटलं, तडक तिच्या वडिलांकडे जावं आणि चूक कबूल करावी. तिनं जोशीमठहून फोनवर घरी एवढंच सांगितलं होतं, की घसरले, पाय मुरगळला. पण सायकल तिच्या गल्लीपर्यंत नेली आणि थांबलो. मी खरं सांगून मोकळा होईन, पण तिचं काय? पोरानं धडक दिली असं कळलं, तर तिचं बाहेर जाणं कायमचं बंद होईल. म्हणजे मी पुन्हा न विचारता मागून धडकायलाच निघालो होतो की! मागे फिरलो आणि आधी तिला विचारलं. तिनं दोन दिवस मागितले. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "रविवारी ये. सगळं सांग. खोटं सांगून परवानगी टिकवायची नाहीये मला."

रविवारी गेलो. तळहाताला घाम. तिचे वडील खाकी पँट आणि गंजीफ्रॉकवर पेपर वाचत बसले होते. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. त्यांनी पेपरची घडी केली, चष्मा काढला. बराच वेळ काही बोललेच नाहीत.

मग म्हणाले, "बावीस वर्षं गाडी चालवतोय. पुढच्या गाडीला मागून ठोकलं तर चूक कोणाची धरतात?"

"मागच्याची."

"गाड्यांच्या मागे काय लिहिलेलं असतं?"

"सुरक्षित अंतर ठेवा."

"मग! वाचता येतं ना तुला?" असं म्हणून ते उठले आणि आत वळून म्हणाले, "याला चहा टाका."

हिमालयातले उस्तादजी आणि पुण्यातले एसटीचे ड्रायव्हर, दोघं एकमेकांना कधी भेटले नव्हते. पण दोघांनी मला एकच गोष्ट सांगितली. सिनेमातल्या एकाही गाण्यानं मला ती सांगितली नव्हती.

१९९९ च्या फेब्रुवारीत ती पुन्हा औलीला गेली. या वेळी वडील स्वतः तिला पुणे स्टेशनवर सोडायला आले होते. दहा दिवसांनी मला एक पोस्टकार्ड आलं. 'ए ग्रेड मिळाली. या वेळी मागे कोणी नव्हतं.' ते पोस्टकार्ड मी अजून जपून ठेवलंय. आम्ही आजही चांगले मित्र आहोत. आणि बरं का, जिथे मी गडगडलो त्या औलीत जानेवारी २०११ मध्ये दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा झाल्या. टीव्हीवर तो उतार दिसला, तेव्हा तिचा फोन आला, "ओळखलीस का जागा?"

गोष्ट इथे संपली, तेव्हा धाकटा भाचा फार नाराज झाला. "म्हणजे तुमच्या ग्रुपमध्ये कोणाचंच जुळलं नाही?"

जुळलं तर! आमच्यात एक कमी बोलणारा मुलगा होता. तो रोज संध्याकाळी शेकोटीपाशी बसून सगळ्यांचे ओले हातमोजे वाळवायचा. सकाळी प्रत्येकाच्या उशाशी कोरडे हातमोजे असायचे. हे कोण करतं, ते चार दिवस आमच्या लक्षातही आलं नाही. एका मुलीच्या आलं. पाचव्या दिवशी ती त्याच्या शेजारी जाऊन बसली आणि तीही मोजे उलटेपालटे करू लागली. काय बोलत होते, कोणास ठाऊक. सहा वर्षांनी त्यांच्या लग्नात आम्ही सगळे पंगतीला होतो.

भाची इतका वेळ गप्प होती. ती मनालीच्याच आंचल ठाकूरची मोठी चाहती आहे. २०१८ मध्ये तुर्कस्तानात कांस्यपदक मिळवून भारताला स्कीइंगमधलं पहिलं आंतरराष्ट्रीय पदक मिळवून देणारी ती आंचल. तिचा फोटो भाचीच्या अभ्यासाच्या टेबलावर आहे. आता ती ताटात बोटानं रेघोट्या मारत म्हणाली, "मग मामा, प्रेमात पडायचंच नाही असं म्हणतोस का?"

"छे! मी कोण सांगणार? पण पडायला आधी शिकवतात, तेवढा पहिला तास बुडवू नकोस. कोणी आवडलं तर त्याला सरळ विचार. तो 'नाही' म्हणाला तर वाट बदल. आणि तुझ्या मागून कोणी सुसाट येत असेल, तर चूक तुझी नसते, हे विसरू नकोस. घरी येऊन सांगायचं. ओरडा बसणार नाही." एवढं म्हणून मी ताईकडे पाहिलं.

ताई भांडी आवरत होती. तिनं वळून न बघताच विचारलं, "हातमोजे किती जोड्या घ्यायच्या गं?"

भाचीनं टुणकन उडी मारली. आणि धाकटा? तो हळूच उठला, खिशातून ती यादी काढली, तिची चार तुकड्यांत घडी केली आणि ताईच्या नकळत बहिणीच्या हातात दिली.